ढवळ्याचा खरारा

मोताळ्यातल्या त्या घरात मला खोली मिळाली ती घराने होकार दिला म्हणून. घरमालकांचं माझ्याबद्दल काय मत झालं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आधी हात ठेवा त्याच्या अंगावर."

मी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात मी, ते आणि एक कडुनिंब, एवढेच होतो.

"कोणाच्या?"

"घराच्या. कोनाच्या म्हंजे? ज्याच्या पोटात राह्यचं हाये तुमाले त्याच्या."

मी दाराशेजारच्या भिंतीवर तळहात टेकवला. ते मान कलती करून थोडा वेळ थांबले, मग भिंतीला दोनदा थोपटून "बस, बस, बस" म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हरकत नाही म्हंते. कान नाही पाडले त्यानं. आन सामान."

तोवर ते मला 'तुमी मास्तरीणबाई' म्हणत होते. घराने पसंत केल्या क्षणापासून 'तू' म्हणू लागले. सगळा गाव त्यांना आबाजी म्हणे, मीही म्हणू लागले.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पहिली नोकरी म्हणून इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलेली. शाळेत मराठी बोललं की शिक्षा होई, आणि घरी माझ्या इंग्रजीला सगळे हसत, त्यामुळे गप्प राहणं हीच माझी मातृभाषा झाली होती. आबाजींना ते फार सोयीचं वाटलं. मी बोलत नसल्यामुळे त्यांना आणि घराला बोलायला जास्त जागा मिळे.

गल्लीतली बाकीची घरं धाब्याची होती, मातीच्या सपाट छपरांची. मधोमध आबाजींचं घर, त्यावर सिमेंटचे नागमोडी पांढरे पत्रे. मुलाच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी धाबं उतरवून ते पत्रे टाकले होते. त्याच वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, शेती मुलाच्या हातात गेली आणि बैलजोडी दुसऱ्याच्या दावणीला गेली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी झाल्या म्हणूनच असेल, बैलांवरची सगळी माया या पांढऱ्या पाठीच्या घरावर येऊन बसली. घराचं नाव ढवळ्या. "ढवळ्या आज तापला", "ढवळ्याले वाऱ्यानं ओढ लागली", अशी भाषा. उन्हाळ्यात दुपारी पत्रे कडकड वाजत तेव्हा ते म्हणत, "रवंथ करून राह्यला."

पोळ्याला गावातले बैल सजून तोरणाखाली जात, आमचं घर जागच्या जागी सजे. आदल्या दिवशी ते घराच्या दोन मुख्य खांबांना हळद आणि तूप चोळत, कारण ओझं त्यांच्याच खांद्यावर. दुसऱ्या दिवशी भिंतीवर गेरूचे ठिपके, चौकटीच्या दोन कोपऱ्यांना शिंगांसारखे लाल गोंडे, दारावर बाशिंग. मग उंबऱ्यासमोर उकिडवं बसून ते दोन्ही हातांनी पुरणाची पोळी पुढे करत.

त्यांच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणे, डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून सांगायच्या, "आबाजी, लोकं हासून राह्यले ना."

"हासू दे. त्यायचे बैल आज सजतात अन् उद्या मार खातात. माह्या ढवळ्यानं कधी चाबूक पाह्यला काय? इचार त्याले."

ती पोळी नंतर वहिनीच खात. "ढवळ्याचं पोट भरलं का?" असं आबाजींनी विचारलं की तोंड पुसत "हाव" म्हणत.

मला त्यांनी वेगळं काम दिलं होतं. शाळेत निघताना घराला 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. "आमच्या सात पिढ्यात कोनाले इंग्रजी आली नाही, ह्याले तरी येऊ दे." पहिले काही आठवडे मी कुणी बघत नाही असं पाहून पुटपुटत असे. पुढे ते बाहेरगावी गेलेले असले तरी म्हणू लागले.

या घराचे शत्रू म्हणजे वांदरं. आंब्याच्या दिवसांत काळ्या तोंडांची अख्खी टोळी गावात उतरे आणि आमच्या पत्र्यांवर धाडकन उडी टाके. आबाजी धोतर सावरत अंगणात धावत. "उतर बे! तुह्या बापाची पाठ हाये काय थे?" वांदर वरून त्यांच्याकडे शांतपणे पाहत राही. जाताना एखाद्या पत्र्याचा कोपरा तोडून जाई. ते तुकडे न्हाणीमागे रचून ठेवलेले असत, आणि त्या घरात वाया काहीच जात नसे. वहिनी त्यांची भुकटी करून पितळेची भांडी घासत, भांडी अशी लखलखत की त्यांत केस विंचरावेत. पोरं त्याच तुकड्यांनी फरशीवर टिक्करचे, म्हणजे ठिकरी-लंगडीच्या खेळाचे, चौकोन आखत, रेघ खडूपेक्षा पांढरी उमटे.

आणि मग धुळवड.

होळी पेटल्याच्या दुसऱ्या सकाळी गल्लीतली सगळी पोरं तारेचे ब्रश, विटांचे तुकडे, जुन्या कानशी, जे मिळेल ते घेऊन आमच्या अंगणात जमत. त्या दिवशी ढवळ्याचा खरारा असे. बैलाच्या अंगावरून लोखंडी खरारा फिरवून मळ काढतात, तसं वर्षभराचं शेवाळ आणि काळपटपणा पत्र्यांवरून खरवडून काढायचा, म्हणजे उन्हाळ्याआधी चुना मारता येई. मोठी पोरं शिडीवर, कडुनिंबाच्या फांदीवर, भिंतीवर. लहान खाली. आबाजी मधोमध खुर्चीवर उभे. "पाठ! आता पुठ्ठा! शेपटीकडं कोन हाये बे? झोपला का?"

करकर करकर आवाज आणि पांढऱ्या धुळीचा पाऊस. खालची पोरं ती धूळ ओंजळीत धरून एकमेकांवर उधळत. "धुळवडीले धूळ पाह्यजे," आबाजी सांगत, "अन् तीबी घरची." त्यांची पाच वर्षांची नात चिंगी पत्र्याच्या खोलगट टोकाखाली, जिथून धूळ धारेसारखी पडे, तिथे तोंड वर करून आ वासून उभी राही. पहिल्या वर्षी मी खोलीच्या खिडकीतून हे पाहिलं. सगळी गल्ली पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी दिसत होती. चिंगीला पांढऱ्या मिशा आल्या होत्या. ती खिडकीपाशी येऊन म्हणाली, "बाई, मी आबाजी झाली," आणि मी इतकी हसले की माझा मलाच आवाज अनोळखी वाटला. पुढे कित्येक दिवस वहिनी खराट्याने ती धूळ झाडत होत्या आणि ती पुन्हा माझ्या पुस्तकांवर येऊन बसत होती.

त्या दिवाळीत माझी ताई चार दिवस राहायला आली. ती मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती, छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात. दुपारी आम्ही दोघी खाटांवर आडव्या होतो. ती वर बघत होती.

"हे पत्रे किती जुने आहेत गं?"

"आबाजींच्या मुलाच्या लग्नातले."

"यात ॲस्बेस्टॉस असतो. दगडातून निघणारा धागा. तुमच्याकडे कापूस पिंजतात तसा तो पिंजून सिमेंटात घालतात. पत्र्याच्या कारखान्यातली माणसं येतात आमच्याकडे. काम केलेलं असतं कित्येक वर्षांपूर्वी, आणि छाती आखडते आत्ता. चार पायऱ्या चढवत नाहीत."

मी उठून बसले. "मग आपण इथे झोपलोय ते?"

"झोप. पत्रा अख्खा आहे आणि कुणी त्याच्या वाटेला जात नाही तोवर तो गप्प असतो. कापला, भोक पाडलं, फोडला, घासला, की त्याची धूळ उडते. दिसते ती धूळ खाली बसते. दिसत नाही ती श्वासातून आत जाते आणि आतच राहते. लगेच काही होत नाही, तेच वाईट. माणसाला वाटतं काही झालंच नाही."

मी तिला धुळवडीचं सांगितलं. आता ती उठून बसली.

"कोरडाच घासतात?"

"कोरडाच."

"आणि मुलं?"

"सगळ्या गल्लीतली."

"ही छोटीसुद्धा?"

"ती सगळ्यात पुढे असते. तोंड उघडून."

ताईने वर पत्र्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, "होळीच्या आधी सांग त्यांना. आजवर झालं ते झालं, यापुढे होऊ द्यायचं नाही. तुझं ऐकतील."

"माझं कुणी ऐकत नाही, ताई. मी बोलतच नाही."

"मग बोल," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली. नर्सना कुठेही झोप लागते.

जाण्याआधी तिने वहिनींना भांड्यांच्या भुकटीचं तेवढं सांगितलं. वहिनींच्या हातातला तांब्या तिथेच खाली बसला. "अवो माय! मी तं ह्याच्यानं देवाची भांडी घासते!" त्या दिवसापासून भांड्यांना राख आली, आणि टिक्करला शाळेतला खडू, तो मी आणून देत असे. पण आबाजींना सांगायची गोष्ट निघाली की वहिनी मान हलवत. "खराऱ्याचं तुमीच सांगा, बाई. मी सांगतलं तं म्हनतीन, सुनेले घर जड झालं."

मी सांगितलं. दिवाळीनंतरच्या एका सकाळी, घराला गुड मॉर्निंग म्हणून झाल्यावर, रात्रभर मनात जुळवलेलं वाक्य म्हटलं. "आबाजी, या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस नावाचा एक घटक असतो."

त्यांचे डोळे चमकले. "काय नाव म्हंतलं?"

"ॲस्बेस्टॉस. तो धागा—"

"फॉरेनचा हाये काय?"

"तसा बाहेरूनही येतो, पण—"

पण पुढचं ऐकायला ते अंगणात नव्हते. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं की आबाजींच्या ढवळ्यात ॲस्बेस्टॉस आहे, तोही परदेशी, आणि हे खुद्द इंग्रजीच्या बाईंनी सांगितलंय. लोक पाहायला आले. आबाजी त्यांना जातिवंत बैलाचं कूळ सांगावं तसं सांगत होते. शेजारच्या घरवाल्याने तर धाबं काढून असलेच पत्रे टाकायचं ठरवून टाकलं. पोरांमध्ये बातमी पसरली की यंदाची धूळ फॉरेनची.

दुसऱ्यांदा मी सरळ म्हटलं की ती धूळ छातीला वाईट. आबाजींनी सदरा वर केला. "हान बुक्की."

"काय?"

"बुक्की हान छातीवर. इतक्या साली धूळ खाऊन राह्यलो मी. शेतातली खाल्ली, कापसाची खाल्ली, ढवळ्याची खाल्ली. हान! भेते काऊन?"

मी मूठ वळून उभी राहिले. चिंगी पळत आली आणि तिनेच आजोबांच्या पोटात बुक्की मारली. सगळे हसले, मीही हसले, आणि विषय संपला. मग मी त्यांच्या मुलाला गाठलं. तो मोठ्या मिश्यांचा, भारदस्त माणूस. म्हणाला, "बाई, मी सांगू? आबाजी मले अजूनबी पोट्टंच म्हंतात."

हिवाळा सरला, तूर घरात आली, पळस फुलले. पोरं ब्रश गोळा करू लागली. चिंगीने आबाजींच्या मागे लागून एक तुटकी कानस मिळवली होती आणि ती उशाशी घेऊन झोपत होती.

होळीच्या दिवशीच्या बाजाराला मी आबाजींबरोबर गेले. त्यांना बाजारातून काही घ्यायचं नसे, त्यांना गुरांच्या रांगेतून फिरायचं असे. तिथे एक माणूस एका म्हाताऱ्या बैलाला खरारा करत होता, विकायचा म्हणून चकचकीत दिसावा यासाठी जोर लावून. बैल अंग चोरत होता. आबाजी गुडघे विसरून गर्दीतून आत घुसले आणि त्यांनी त्या माणसाच्या हातातला खरारा हिसकून घेतला.

"काऊन बे? डोये फुटले काय तुहे? जनावर म्हातारं झालं, कातडं पाह्य कसं पातळ झालं! ह्याले लोखंड लावतं?"

"मंग काय लावू?"

"पानी लाव. ओला बोळा फिरव. अन् हात हलका ठेव. तुह्या आज्याची पाठ असी खरवडतं काय घरी?"

माणूस पुटपुटत पाणी आणायला गेला. आबाजींनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला, आणि त्यांच्या हाताखाली ते जनावर हळूहळू सैल झालं. मी तिथेच उभी होते. इतके महिने मी इंग्रजी वाक्यांचं मराठी करून त्यांना सांगत होते. त्यांच्या भाषेत एकदाही बोलले नव्हते.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते, शेजारी पोरांनी आणलेल्या ब्रशांचा ढीग. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आबाजी, ढवळ्याला किती वर्षं झाली?"

"पोराच्या लग्नाले आनला, दहा-बारा सालं झाली असतीन. का?"

"बैलाला इतकी वर्षं झाली तर?"

ते ब्रशाचे दात तपासत होते, थांबले. "मंग थे म्हातारं जनावर."

"ढवळ्याचंही कातडं पातळ झालंय. बघा तुम्ही."

शिडी भिंतीला टेकलेलीच होती. ते कुरकुर करत तीनचार पायऱ्या चढले आणि पत्र्याच्या काठाजवळ डोळे नेऊन पाहू लागले. उतरत्या उन्हात स्पष्ट दिसत होतं. वरचं सिमेंट पावसाने झिजून गेलं होतं आणि जागोजागी बारीक पांढरी लव उभी होती.

"हे केस कायचे?"

"तोच धागा. नवा होता तेव्हा आत घट्ट होता. आता सुटतोय. आपण लोखंड लावलं की सगळा हवेत जातो. छातीत गेला की तिथून निघत नाही, आबाजी. माझी ताई असल्या माणसांची सेवा करते. तरुणपणी काही कळत नाही, म्हातारपणी दम पुरत नाही. तुम्ही म्हातारपणीच ही धूळ खायला लागलात. चिंगी पाचव्या वर्षापासून खातेय."

माझ्या आयुष्यात मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. आबाजी शिडीवरच उभे राहिले. खाली अंगणात चिंगी कानस घेऊन कडुनिंबाचा खरारा करत होती.

"मंग आजवर गेलं थे?" त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं.

"ताई म्हणते, जितकं कमी जाईल तितकं चांगलं. आज थांबवलं तर आजपासून कमी."

ते उतरले. हात धुतले, पुन्हा धुतले. मग ब्रशांचा तो सगळा ढीग उचलून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात एकमेकींकडे पाहत राहिलो. आपण त्यांचा सगळ्यात मोठा सण मोडला, असं मला वाटत होतं. आणि पोरं सकाळी येणारच होती.

सकाळी पोरं आली. आबाजी खुर्चीवर उभे होते, नव्या धोतरात, डोक्याला फेटा.

"ऐका बे सारे! ढवळ्या आजपासून पेन्शनीत गेला."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एकाने विचारलं, "मंग खरारा?"

"पेन्शनरले खरारा करतात काय? तुह्या मास्तरले करशीन? त्याची आज आंघोळ हाये. अन् त्याची आंघोळ मी करीन. तुमी तिकडं, कडुनिंबापाशी. रेघ मारली हाये, रेघेच्या इकडं जो येईन त्याचे कान ढवळ्याच्या गोंड्याले बांधीन!"

मुलगा शेतातल्या विहिरीवरून उसन्या बैलगाडीत पाण्याचा ड्रम घेऊन आला. दोघा बापलेकांनी शिडीवरूनच झारीने पत्रे हलके हलके भिजवले, घासणं नाही, पत्र्यावर पाय ठेवणं नाही. मग लांब बांबूला मऊ कुंचा बांधून ओल्यावरच जाडसर चुना. खाली उतरणारं पाणी एका खड्ड्यात. आबाजी सगळा वेळ पत्र्यांशी बोलत होते, मात्र त्या दिवशी ओरडले नाहीत.

रेघेपलीकडे पोरांची तोंडं पडली होती. मग वहिनी बाहेर आल्या. त्यांनी पहाटेपासून पळसाची फुलं उकळून मोठं घंगाळ भरून केशरी रंग केला होता. हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं, कुणाला न सांगता. पहिला तांब्या त्यांनी सासऱ्यांच्या फेट्यावर ओतला.

लग्न होऊन आल्यापासून जिचा पदर त्यांच्यासमोर कधी खाली गेला नव्हता, त्या सुनेने. सगळी गल्ली एक क्षण थबकली. आबाजींच्या नाकावरून केशरी धार ओघळली. "अवो बाप्पा," ते म्हणाले, "सुनबाईले शिंगं फुटली," आणि त्यांनी झारी तिच्याकडे वळवली.

पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण माझ्या डोळ्यांत रंग गेला होता.

त्यानंतर आबाजींना एक नवं वेड लागलं. न्हाणीमागचे तुकडे त्यांनी भिजवून, ओल्या पोत्यात आणि वर जाड प्लास्टिकात बांधून, शेतातल्या मुरमाड कोपऱ्यात, जिथे नांगर जात नाही तिथे, खोल खड्ड्यात पुरले. घरात खराटा बंद, ओलं फडकं सुरू. शेजाऱ्याचे नवे पत्रे आले तेव्हा गवंडी अंगणात करवतीने कापू लागला. आबाजी त्याच्या मागे भरलेली बादली घेऊन उभे.

"कापू नको. मापाचे आन."

"आबाजी, काम करू द्या ना."

"करशीन तं कोरडं नाही करू देत. पोट्टे हायेत गल्लीत."

गवंड्याने करवत उचलली. बादली रिकामी झाली. पत्रा भिजला, करवत भिजली, गवंडी भिजला. शेजाऱ्याने आठवडाभर अबोला धरला आणि शेवटी मापाचे पत्रे आणले. सूट म्हणून कोणाला काही मिळत नसे. शाळेच्या शिपायाने छताला पंख्यासाठी भोक पाडायचं काढलं, तर त्यालाही त्यांनी भर रस्त्यात अडवलं. "सरळ वर पाह्य. सिमेटचा पत्रा हाये? मंग हात लावू नको. खांबाले लाव तुहा पंखा." लोक हसत, पण ऐकत. मी आयुष्यात पाहिलेला हा एकच माणूस, ज्याला आपलं चुकलं हे सांगायला सगळ्या गावासमोर मजा येत असे. "मी पोट्ट्यायले फॉरेनची धूळ खाऊ घातली," ते चारचौघांत म्हणत, "तुमी नका घालू."

एकच गोष्ट उरली होती. पत्रे म्हातारे होतेच आणि वांदरं काही पेन्शनीत जाणार नव्हती. पुढच्या वर्षी एक पत्रा मधोमध तडकला तेव्हा आबाजींनी ठरवलं की ढवळ्याला उतरवायचा. ताईने पत्ता लावून हे काम जाणणारी माणसं शोधली, तीही नीट बसणारे मास्क घेऊन येणारी. फोडायचं नाही, बोल्ट सोडवायचे, ओलं ठेवायचं, दोरीने अख्खा पत्रा खाली घ्यायचा आणि प्लास्टिकात गुंडाळून त्यांनीच गाडीतून न्यायचा.

तो सुटीचा दिवस होता. सकाळीच आबाजी माझ्या दारात. "बाई, गल्लीतली सारी पोट्टी शाळेत ने. काय बी शिकव. मी सांगत नाही तोवर सोडू नको."

मी कुलूप उघडून वर्ग भरवला. लहान-मोठी, शाळेतली, शाळेत न जाणारी, कडेवर भावंडं घेतलेली, सगळी एकाच वर्गात. चिंगी पहिल्या बाकावर. मी फळ्यावर प्राण्यांची इंग्रजी नावं लिहीत होते आणि कान गल्लीकडे होते. पत्रा फुटला तर तिथपर्यंत आवाज आला असता. पोरं घोकत होती, मी चुकीच्या चित्रापुढे चुकीचं नाव लिहीत होते आणि चिंगी ते सुधारत होती.

दुपार कलली तेव्हा दारात आबाजी उभे राहिले. केसांतून पाणी निथळत, नुकतीच आंघोळ करून अंगावर कोरडे कपडे चढवलेले, आणि तेही अर्धे भिजलेले. मास्कचे वळ गालांवर उमटले होते.

"एकबी नाही फुटला," ते म्हणाले.

मी खडू खाली ठेवला.  पोरं आमच्याकडे पाहत होती.

"आबाजी," चिंगीने विचारलं, "ढवळ्या गेला?"

"गेला. पन कोनाले शिंग न मारता गेला." ते हळूच शेवटच्या बाकावर जाऊन बसले, गुडघे बाकाखाली मावेनात म्हणून पाय बाहेर काढून. "उद्या घरावर कवेलू चढतीन, कुंभाराच्या भट्टीतले. मातीचे. शेकड्यानं."

"म्हंजे आता दुसरा बैल?"

"बैल कायचा? कवेलू म्हंजे कोंबड्या. एक इकडं सरकते, एक तिकडं. वांदर आलं की साऱ्या खडबडतात. रोज वर पाहून हाकलत बसा." त्यांनी फळ्याकडे पाहून डोळे बारीक केले. "बाई, कोंबडीले इंग्रजीत काय म्हंतात ते शिकव बरं आधी. उद्या सकाळपासून इतक्या जनींना गुड मॉर्निंग म्हनाचं, तं नाव तं मालूम पाह्यजे."